फुटलेल्या सिरॅमिक ग्रिलच्या कुंड्या: निचरा, भेगा आणि माती

पायवाट यांचा प्रश्न:

नमस्कार. कोळशावर चालणारे, जाड भिंतींचे, अंड्याच्या आकाराचे जे सिरॅमिक ग्रिल कमाडो या नावाने ओळखले जाते, तसे एक मोडके ग्रिल माझ्याकडे आले आहे. मूळ मालक ते भंगारात काढणार होते, म्हणून मी ते मागून घेतले. एकदा आडवे पडल्यामुळे ते स्वयंपाकासाठी निकामी झाले आहे, असे त्यांनी सांगितले. त्याच्या भागांच्या बागेसाठी कुंड्या करण्याचा माझा विचार आहे. मात्र हात लावण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, असे वाटले.

सध्याची स्थिती अशी आहे. खालच्या मोठ्या भांड्याला, राख काढण्याच्या झरोक्याच्या एका कोपऱ्यापासून थेट वरच्या काठापर्यंत भेग गेलेली आहे, पण भांडे दुभंगलेले नाही. वरच्या घुमटाच्या काठाचा एक टवका उडालेला आहे आणि तिथूनच केसासारखी बारीक रेघ वर चढलेली दिसते. आत बसणारी कोळशाची शेगडी दोन तुकड्यांत फुटली आहे, तर तिच्यावर बसणारे जाड कडे पूर्ण शाबूत आहे. स्टीलचे दोन्ही पट्टे, बिजागरी आणि स्प्रिंग जागच्या जागी आहेत. पट्ट्यांना वरवरचा गंज चढला आहे.

माझ्या शंका मुख्यतः चार आहेत. खालच्या भांड्याच्या तळाला भोक नाही, त्यामुळे पाण्याचा निचरा झरोक्यावर सोडून द्यावा की तळाला भोक पाडावे? ओल्या मातीच्या दाबाने आणि मुळांच्या वाढीने ती भेग रुंदावत जाईल का? आतल्या भिंतींवर वर्षानुवर्षांची काजळी, चरबी आणि राख आहे, ती झाडांना बाधेल का? आणि बाहेरच्या चकचकीत लुकणाचा (म्हणजे ग्लेझचा, ते हिरव्या रंगाचे आहे) खाण्याच्या वनस्पतींवर काही परिणाम होऊ शकतो का? कोणत्या भागात कोणती झाडे शोभतील, हेही कोणी सुचवले तर आनंदच होईल.


लालमाती यांचा प्रतिसाद:

मातीकामाशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे आधी वस्तूविषयी लिहितो. झाडांविषयी इतर सदस्य अधिक अधिकाराने सांगतील.

कुंड्या करण्यापूर्वी एक खात्री मात्र करून घ्यावी, ती अशी की हे ग्रिल खरोखरच निकामी झाले आहे ना. आतली शेगडी तडकणे ही या ग्रिलांच्या बाबतीत नेहमीची गोष्ट आहे, कारण सर्वांत जास्त ताप तिलाच सोसावा लागतो. ती वेगळी बदलून मिळते आणि पुष्कळदा तडकलेल्या अवस्थेतही तिचे काम चालू राहते. अनेक उत्पादक सिरॅमिकच्या भागांवर पहिल्या खरेदीदाराला आजीवन हमी देतात. ती आपल्यासारख्या दुसऱ्या मालकाला सहसा लागू होत नाही आणि पडून फुटलेल्या भागांनाही बहुधा नाही. आपल्या वर्णनावरून झरोक्यापासून काठापर्यंत गेलेली भेग आरपार दिसते. झरोक्याचा कोपरा हे भांड्याच्या भिंतीतले सर्वांत कमकुवत ठिकाण असते, ताण तिथे एकवटतो आणि भेग तिथूनच सुरू होते. अशा भांड्यात पुन्हा विस्तव घालू नये, हे मूळ मालकांचे म्हणणे योग्यच आहे. तेव्हा कुंडीचा विचार अगदी रास्त आहे.

आता सामग्री. या प्रकारची चूल मूळची जपानची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी ती आपल्या देशात नेली, आणि त्या काळच्या साध्या मातीच्या चुली लवकर तडकत, म्हणून पुढे उष्णतेला टिकणाऱ्या सिरॅमिकचा वापर सुरू झाला. आजच्या अनेक ग्रिलांच्या मिश्रणात कॉर्डिएराइट नावाचे खनिज असते. तापल्यावर ते फारच कमी प्रसरण पावते. भट्टीतल्या फळ्यांसाठी आम्ही ते याच गुणामुळे वापरतो. तात्पर्य असे की ऊन, पाणी, खत किंवा मातीतली सौम्य आम्लता यांनी हे भांडे झिजणार नाही. त्याला दोनच गोष्टींचे भय आहे: आघात, आणि भिंतीत मुरलेले पाणी गोठणे.

दुसरी गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी. बाहेरून लुकण असले तरी आतली बाजू कोरी, म्हणजे बिनलुकणाची असते आणि ती पाणी शोषते. ग्रिल म्हणून वापरताना पावसात भिजलेल्या भांड्यात एकदम मोठा विस्तव केला की त्याच पाण्याची वाफ होऊन भिंत तडकते. कुंडी म्हणून वापरताना वाफेचा प्रश्न संपतो, पण जिथे हिवाळ्यात पाणी गोठते तिथे भिंतीतले पाणी बर्फ होताना फुगते आणि बाहेरच्या लुकणाचे पोपडे सुटू लागतात. आपल्याकडे तसा गोठवणारा हिवाळा असेल, तर भांडे पूर्ण कोरडे करून आतल्या बाजूला तलावांसाठी वापरतात तसला, माशांना व झाडांना निर्धोक असा जलरोधक लेप द्यावा, किंवा थंडीच्या दिवसांत कुंडी छपराखाली न्यावी. पाणी गोठतच नसेल तर लेपाच्या भानगडीत पडण्याचे कारण नाही.

लुकणाविषयीची आपली शंका रास्त आहे, परंतु या रचनेत ती बरीचशी निकालात निघते, कारण माती कोऱ्या आतल्या बाजूला लागणार आहे आणि लुकण बाहेर राहणार आहे. उडालेल्या टवक्यापाशी आणि काठावर तेवढा संपर्क येईल. ग्रिल ओळखीच्या उत्पादकाचे आणि अलीकडचे असेल तर मी निश्चिंत राहीन. ते फार जुने किंवा अज्ञात बनावटीचे असेल, तर लुकणात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरून त्यात फक्त शोभेची झाडे लावावीत. कंदमुळे आणि पालेभाज्या अशा भांड्यात लावण्याचा मोह टाळलेला बरा.

राख आणि चरबी या दोहोंना एकाच मापाने मोजू नये. लाकडी कोळशाची राख तीव्र अल्कधर्मी असते, तिचा सामू (पीएच) 10 च्याही वर जातो, आणि तिच्यात कॅल्शियम व पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. चिमूटभर राखेने काही बिघडत नाही. पण तळाच्या कोपऱ्यात ओल धरून दगडासारखा बसलेला थर तसाच ठेवून त्यावर माती भरली, तर मुळे तिथे पोहोचताच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागेल, कारण अशा मातीत लोह झाडाला घेता येत नाही. अझेलिया, अनंत, ब्लूबेरी अशा आम्लप्रिय झाडांना तर हे मुळीच सोसत नाही. तेव्हा तो थर खरवडून काढावा, भांडे पाण्याने भरून एक रात्र ठेवावे आणि ते पाणी झाडांपासून दूर ओतावे.

काजळीचा पूर्ण जळालेला काळा थर म्हणजे केवळ कार्बन; तो झाडांना निरुपद्रवी आहे. त्रास देते ती काठाजवळची चिकट, अर्धवट जळालेली चरबी, कारण तिला मुंग्या आणि उंदीर येतात आणि ती पाणी धरू देत नाही. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि तारेचा ब्रश एवढ्यावर ती निघते. पेटवण्यासाठी आधीच्या मालकांनी द्रव इंधन वापरले होते का, हे त्यांना अवश्य विचारावे. कोऱ्या भिंतीत ते मुरून राहते. तसे असेल तर खाण्याच्या वनस्पती त्यात लावू नयेत.


झारी यांचा प्रतिसाद:

लालमाती यांनी वस्तूची बाजू नेमकी मांडली आहे. मी पाण्याविषयी लिहिते, कारण अशा कुंड्यांमधली झाडे मरतात ती बहुतेक वेळा पाण्यामुळेच.

साध्या भाजक्या मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी सतत बाहेर झिरपून उडून जात असते. आपल्या भांड्याला बाहेरून लुकण आहे, त्यामुळे हा मार्ग बंद आहे. पाणी एक तर झाडाच्या पानांतून जाईल, नाही तर मातीच्या पृष्ठभागावरून किंवा भोकातून. त्यातच भिंत जाड आहे. जाड भिंतीचा फायदा असा की माती उन्हात लवकर तापत नाही. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत भर उन्हात कडेची माती 45 अंशांपलीकडे जाऊ शकते आणि बऱ्याच झाडांची मुळे त्याच्या आतच मार खातात. आपल्या भांड्यात हा धोका फार कमी. पण गार माती म्हणजे हळू सुकणारी मातीही. म्हणून नेहमीच्या कुंडीच्या सवयीने रोज पाणी घातले, तर तळाची माती आंबून तिला वास येऊ लागेल.

आता निचऱ्याचा मूळ प्रश्न. तळाला भोक नाही आणि झरोका बाजूला आहे, याचा अर्थ झरोक्याच्या खालच्या ओठापर्यंत पाणी साचणार. किती साचणार हे प्रत्येक ग्रिलमध्ये वेगळे असते, म्हणून अंदाज न बांधता मोजून पाहावे. भांडे सपाट जागेवर ठेवून मोजपात्राने पाणी ओतत जावे आणि झरोक्यातून पहिला थेंब बाहेर पडताच थांबावे. जेवढे पाणी ओतले तेवढा आपला साठा. तो नगण्य असेल, म्हणजे तळाला पेलाभर पाणीच उरत असेल, तर भोक पाडण्याची यातायात कशाला? झरोक्याला आतून बारीक जाळी लावावी, की काम झाले. साठा मोठा असेल तर दोन मार्ग राहतात.

पहिला मार्ग भोकाचा. भोक पाडले, तर कृपया तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालू नयेत. ही पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि तिच्यामुळे निचरा सुधारतो असे मानले जाते. प्रत्यक्षात होते उलटेच. बारीक कणांच्या मातीतले पाणी भरड खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण संपृक्त झाल्यावरच ते खाली गळते. कोणत्याही कुंडीत पाणी घालून झाल्यावर तळाशी एक चिंब थर उरतोच, आणि त्याची उंची मातीच्या पोतावर ठरते. खडी घातली की तो चिंब थर तेवढ्याच उंचीने वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एखादी खापरी पालथी ठेवून वर थेट मिश्रण भरावे.

दुसरा मार्ग साठ्याचा. भोक न पाडता झरोक्याच्या ओठापर्यंतची जागा हे पाण्याचे टाके समजावे आणि तेवढ्यापुरतीच खडी भरावी. इथे खडीचे काम निचऱ्याचे नाही, ती मातीला पाण्याच्या वर तोलून धरते. खडीच्या फटींत साधारणपणे एकूण जागेच्या 40 टक्के पाणी मावते. तळाशी पाच लिटर जागा असेल तर दोन लिटरांचा साठा मिळेल. खडीवर जाडसर कापड अंथरून त्यावर मिश्रण घालावे आणि मिश्रणातून एकदोन वाती खडीतून तळापर्यंत उतरवाव्यात, म्हणजे पाणी वर चढेल. वात म्हणून जुन्या सुती कापडाऐवजी नायलॉनचा दोर घ्यावा, कारण सुती कापड मातीत कुजते. जास्तीचे पाणी झरोक्यातून आपोआप वाहून जाईल. नेचे, पुदिना, अळू, स्पायडर प्लांट अशा ओल आवडणाऱ्या झाडांना ही रचना उत्तम मानवते. कोरफडीला आणि निवडुंगांना ती घातक ठरेल.

घुमटाबाबत मात्र निचऱ्याची चिंताच नको. तो उलटा केला की धुराड्याचे गोल भोक आयतेच तळाला येते, उलट ते गरजेपेक्षा मोठे असते. त्यावर स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची जाळी वाकवून बसवावी. उलटा घुमट आपला आपण उभा राहणार नाही, त्याला तिवई लागेल. खोली कमी आणि निचरा जोरात, त्यामुळे चिनी गुलाब, सेडम, कोरफड यांसाठी हे भांडे जणू मुद्दाम घडवलेले आहे. त्यांच्यासाठी मिश्रणात निम्म्याच्या आसपास जाड रेती किंवा परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) असू द्यावे.

भेगेच्या प्रश्नाशी मातीचाही संबंध आहे, हे लक्षात असू द्यावे. काळी चिकण माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. असे होत राहिले तर भेग निश्चित रुंदावेल. कोकोपीट, कंपोस्ट आणि परलाइट किंवा रेतीचे मोकळे मिश्रण भिंतीवर तसा दाब देत नाही. मुळांच्या दाबाचा धोका टाळण्यासाठी बांबूच्या काही जाती, रबराचे झाड, वडपिंपळाच्या कुळातले काहीही या भांड्यात लावू नये.


पाचर यांचा प्रतिसाद:

भोक पाडण्याआधी एका धोक्याची सूचना द्यायला हवी, कारण वर तिचा उल्लेख आलेला नाही. बिजागरीची स्प्रिंग घुमटाचे वजन उचलायला मदत करते, म्हणजेच घुमट मिटलेला असताना तिच्यात जोर साठलेला असतो. मिटलेल्या स्थितीत पट्ट्यांचे बोल्ट सोडले तर बिजागरी झटक्याने उसळून हाताला किंवा चेहऱ्याला लागू शकते. घुमट पूर्ण उघडावा, दुसऱ्या माणसाने तो दोन्ही हातांनी धरून ठेवावा, स्प्रिंग सैल पडल्याची खात्री करावी आणि मगच आधी वरच्या पट्ट्याचे बोल्ट सोडून घुमट उचलून घ्यावा. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल टाकून ठेवले, तर पान्याने जोर लावताना भांड्याला हिसका बसत नाही. काठावरची नमद्याची पट्टी जुनी व अज्ञात प्रकारची असेल तर ती कोरडी खरवडू नये; ओली करून सोलून काढावी.

भोकासाठी गवंड्यांचे साधे मेसनरी बिट आणि हातोड्यासारखे झटके देणारी ड्रिल अजिबात वापरू नये. हिऱ्याच्या कणांचे पोकळ गोल बिट येते, तेच घ्यावे. 12 ते 20 मि.मी. व्यासाचे पुरेसे आहे. भांडे वाळूच्या पिशव्यांवर पालथे ठेवावे, म्हणजे सुटलेल्या टोकाला आधार मिळतो. बिट सुरुवातीला तिरपे धरून चंद्रकोरीसारखी खाच पाडावी आणि खाच धरली की हळूहळू सरळ करावे, नाही तर ते पृष्ठभागावर घसरत राहते. वेग कमी, दाब त्याहून कमी. भोकाभोवती पुट्टीचे छोटे आळे करून त्यात पाणी ठेवावे. पाणी दुधासारखे पांढुरके होत जाते, ते घट्ट झाले की बदलावे. शेवटचे चारदोन मिलिमीटर उरले की आवाज बदलतो. तिथे हात आणखी हलका करावा, कारण टवका उडतो तो याच क्षणी. पाण्याशी काम असल्याने वायरच्या ड्रिलऐवजी बॅटरीची ड्रिल वापरावी.

पाण्याचा आग्रह केवळ बिट थंड राहावे म्हणून धरलेला नाही. भाजलेल्या मातीच्या कोरड्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. तिचे बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार त्यांच्यामुळेच होतो. ओले काम, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर निदान एन-95 दर्जाचा मास्क, यांत काटकसर करू नये. ग्राइंडरने कोरडे कापण्याचा विचार कोणी सुचवला तरी तो मनावर घेऊ नये.

भेगेसाठी दोन उपाय एकत्र करावेत. विस्तव लागणार नसल्यामुळे आता दोन घटक मिसळून वापरायचे इपॉक्सी (घट्ट धरणारा डिंक) चालते, जे ग्रिलमध्ये कधीच चालले नसते. भेग ब्रशने साफ करून पूर्ण वाळू द्यावी, पट्टा सैल ठेवून भेगेत इपॉक्सी आतपर्यंत दाबून भरावे आणि मग पट्टा आवळून भेग मिटवावी. बाहेर ओघळलेले इपॉक्सी कडक होण्याआधी पुसून घ्यावे. भांड्याचा मूळ पट्टा काढून टाकण्याची घाई करू नये; काठाजवळची भेग धरून ठेवायला त्याच्याइतका चांगला शिकंजा दुसरा मिळणार नाही. गंज घासून त्यावर गंजरोधक रंग द्यावा, बिजागरीचा भाग तेवढा काढावा. सिमेंट भरण्याचा सल्ला मी देणार नाही. लुकणावर ते धरत नाही आणि चुन्यामुळे सामू वाढतो.


पायवाट यांचा प्रतिसाद:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झारी यांच्या सांगण्याप्रमाणे खालच्या भांड्यात पाणी ओतून पाहिले. भेगेवर बाहेरून तात्पुरती चिकटपट्टी लावली होती. सुमारे साडेतीन लिटर पाणी मावल्यावर झरोक्यातून धार सुरू झाली. म्हणजे साठा नगण्य नाही, पण फार मोठाही नाही. मूळ मालकांनी पेटवण्यासाठी द्रव इंधन कधी वापरले नव्हते, असेही विचारून घेतले.

भांडे भरल्यावर किती जड होईल, आणि जुन्या चाकांच्या स्टँडवर ते ठेवता येईल का, हे कळले तर बरे होईल. शिवाय फुटलेल्या शेगडीचे दोन तुकडे आणि ते शाबूत कडे टाकून द्यावे लागणार का? शेगडीत तळाशी थोडा न जळालेला कोळसाही शिल्लक आहे.


झारी यांचा प्रतिसाद:

साडेतीन लिटर ही सोयीची मात्रा आहे. खडी भरल्यावर प्रत्यक्ष पाणी दीड लिटरभोवती राहील. आपण दररोज बागेत लक्ष घालणाऱ्यांपैकी असाल तर मी भोक पाडा म्हणेन, कारण भोक असलेल्या कुंडीत काय लावावे यावर बंधन राहत नाही. अधूनमधून बाहेर राहावे लागत असेल तर साठ्याची रचना ठेवा आणि नेचे लावा. पावसात उघड्यावर राहणाऱ्या कुंडीत मात्र साठ्याच्या रचनेचा झरोका पाल्यापाचोळ्याने तुंबणार नाही, हे अधूनमधून पाहावे लागते. झरोक्याचे सरकते दार काढून टाकावे. ते चुकून बंद झाले तर कुंडीचे डबके होईल.

वजनाचा हिशेब सोपा आहे. आतला व्यास 45 सें.मी. आणि खोली 35 सें.मी. धरली, तर सरळ भिंतीच्या भांड्यात 55 लिटर माती मावली असती. भांडे तळाकडे निमुळते असल्यामुळे ती 40 लिटरच्या आसपास येईल. ओले, हलके मिश्रण लिटरमागे सुमारे एक किलो भरते, बागेतली ओली माती दीड किलोच्याही पुढे जाते. हलके मिश्रण वापरले तर भांड्यासह एकूण वजन मोठ्या आकाराच्या अख्ख्या ग्रिलएवढे, म्हणजे 70 ते 80 किलोंच्या घरात राहते, आणि स्टँड मुळात तेवढ्या ओझ्यासाठीच बनवलेले असते. बागेची माती भरली तर हे गणित बिघडते. स्टँड हलवताना ते ढकलू नये, ओढावे. पुढचे चाक फटीत अडकले की ढकललेले भांडे कलंडते. खरे तर भरलेली कुंडी हलवूच नये, जागा ठरवून मगच भरावी. गच्चीवर किंवा सज्जात ठेवायची असेल तर ती भिंतीलगत ठेवावी, मधोमध नव्हे.


लालमाती यांचा प्रतिसाद:

एका मुद्द्यावर झारी यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. भेग झरोक्यापासूनच सुरू होत असल्यामुळे, साठ्याची रचना केली तर भेगेचे खालचे टोक कायम पाण्याच्या पातळीशी राहील. इपॉक्सी ओलीत टिकते हे खरे, पण भेगेच्या दोन्ही बाजूंची कोरी भिंत पाणी शोषत राहणार आणि भेगेत क्षारांची पांढरी रेघ उमटत राहणार. या विशिष्ट भांड्यात मी तरी तळाला भोक पाडूनच मोकळा होईन. साठ्याची हौस शाबूत भांड्यावर भागवावी.

शेगडीचे तुकडे मुळीच टाकू नयेत. माझ्या दृष्टीने या ग्रिलमधली कुंडीसाठी सर्वांत चांगली वस्तू तीच आहे. तिला आतून-बाहेरून लुकण नसते, त्यामुळे ती साध्या मातीच्या कुंडीप्रमाणे श्वास घेते, आणि हवेसाठी ठेवलेली भोके तिच्या तळाला आणि बाजूंना आयतीच असतात. दोन तुकडे जुळवून बाहेरून गंजरोधक तारेचे दोन वेढे आवळावेत. इथे इपॉक्सीचीही गरज नाही, फट राहिली तर ती हवेच्या कामी येते. बाजूच्या भोकांतून स्ट्रॉबेरीची किंवा सेडमची रोपे आतून बाहेर काढून लावावीत: आधी सर्वांत खालच्या भोकांपर्यंत मिश्रण भरावे, रोपाची पाने ओल्या कागदात गुंडाळून आतून बाहेर ढकलावीत, मुळांवर मिश्रण दाबावे आणि मग वरच्या ओळीकडे जावे. उलट क्रमाने केल्यास मुळे मोडतात. अशा कुंडीत वरून घातलेले पाणी वरच्या भोकांतूनच बाहेर पडते आणि खालची रोपे तहानलेली राहतात, म्हणून भरतानाच मधोमध भोके पाडलेली एक नळी उभी ठेवून तिच्यातून पाणी द्यावे.

कडे जमिनीवर तसेच ठेवून त्यात माती भरली की पुदिन्यासारख्या पसरणाऱ्या झाडासाठी वाफा तयार होतो. ते जमिनीत पंधराएक सेंटिमीटर पुरता आले तर पुदिन्याचे धावरे बाहेर पळायला अधिक वेळ लागतो, पण ते थांबतील अशी अपेक्षा ठेवू नये.

उरलेल्या कोळशाचे दोन प्रकार असू शकतात. तो दाबून केलेल्या एकसारख्या आकाराच्या विटांचा असेल तर मातीत घालू नये, कारण त्यात बांधणीसाठी आणि जळण्यासाठी इतर द्रव्ये मिसळलेली असतात. काहींत दगडी कोळसाही असतो. लाकडाचे ओबडधोबड तुकडे असतील, लाकडाची ठेवण त्यांत अजून ओळखू येत असेल आणि त्यांवर चरबी ठिबकलेली नसेल, तर ते ओले करून वाटाण्याएवढे कुटावेत आणि कंपोस्टच्या ढिगात काही आठवडे मुरू द्यावेत. कोरा कोळसा थेट मिश्रणात घातला तर सुरुवातीला तो मातीतले नत्र स्वतःकडे ओढून धरतो. मुरलेला कोळसा मिश्रणाच्या दहाव्या हिश्शापर्यंत घालायला हरकत नाही.